प्रकल्प नोंदी: सोळा कॉम्प्युटरच्या ऑफिसचे आयपी पत्ते नव्याने लावणं

आयपी पत्ता म्हणजे नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राचा नंबर. जागा: पुण्यातलं एक सीए ऑफिस, दोन मजले. सामान: १६ कॉम्प्युटर, त्यातले ११ विंडोज ११ आणि ५ विंडोज १०, बॅकअपसाठी एक नॅस (नेटवर्कवरचा साठवणीचा डबा), तीन प्रिंटर, त्यातला एक स्कॅनरसह, बोटांच्या ठशांचं हजेरी मशीन, आठ कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणारे दोन स्विच (एक १६ पोर्टचा, एक ८ पोर्टचा), राउटर, छतावर वायफायसाठी एक ॲक्सेस पॉइंट. चिंचवडला छोटी शाखा आहे. काही जणांना घरून व्हीपीएनने (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येणाऱ्या सुरक्षित जोडणीने) काम करायचं आहे.

सोमवार, २ जून २०२५

तक्रार जुनी आहे. दिवसातून दोनतीनदा कोणाचं ना कोणाचं इंटरनेट जातं, प्रिंटर ऑफलाइन दाखवतो, आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा असलेलं मशीन (पुढे 'डेटा मशीन') अधूनमधून कुणालाच सापडत नाही. आधी केबल बदलून झाल्या आहेत, मोठा स्विचही नवा आहे. तरी दुखणं तसंच.

सुरुवात डेटा मशीनपासून केली. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग /ऑल, म्हणजे मशीनच्या नेटवर्कची सगळी माहिती दाखवणारी कमांड. पत्ता १९२.१६८.१.२५, आणि डीएचसीपी एनेबल्डच्या ओळीत 'नो'. डीएचसीपी म्हणजे राउटरकडून आपोआप पत्ता मिळण्याची सोय; ती बंद, म्हणजे पत्ता मशीनमध्ये हाताने टाकलेला. मग राउटरचं पान उघडलं. डीएचसीपीचा पट्टा १९२.१६८.१.२ ते १९२.१६८.१.२५४, म्हणजे वाटता येईल तेवढा सगळाच. पंचवीस नंबर कुणाचा आहे हे राउटरला कुणी सांगितलेलंच नाही.

पुढे काय होतं ते इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) दिसलं. सिस्टिम लॉगमध्ये सोर्स टीसीपीआयपी, इव्हेंट ४१९९: या पत्त्यावर दुसरं यंत्र आहे, त्याचा हार्डवेअर पत्ता (नेटवर्क कार्डाचा बारा अंकी ओळखक्रमांक) अमुक. मे महिन्यात अशा नऊ नोंदी, आणि बहुतेक सकाळी दहा ते साडेदहाच्या. कारण सरळ आहे. डेटा मशीन रात्री बंद असतं. सकाळी कुणीतरी लवकर येतं, त्याचा फोन वायफायला लागतो, राउटरला २५ नंबर मोकळा दिसतो आणि तो फोनला मिळतो. काही राउटर पत्ता देण्याआधी तो वापरात आहे का हे तपासतात, पण बंद मशीन उत्तर देणार कुठून? मग डेटा मशीन चालू होतं, तोच पत्ता मागतं, विंडोजला टक्कर दिसते, आणि ते स्वतःला १६९.२५४ ने सुरू होणारा कामचलाऊ पत्ता लावून बसतं. सगळ्यांची टॅली त्या क्षणी बंद.

दुसरं यंत्र फोनच आहे हे हार्डवेअर पत्त्यावरून कळलं. बारा अंकांतला डावीकडून दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यातला नसून यंत्राने स्वतः बनवलेला असतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायवर असंच करतात. लॉगमध्ये दुसरा अंक 'ए' होता.

यावरून कामाचं सूत्र ठरलं: पत्ता एकाच ठिकाणी ठरेल, आणि ते ठिकाण म्हणजे राउटर. मशीनमध्ये हाताने पत्ता टाकायचा नाही. ज्याला कायमचा पत्ता हवा त्याचा हार्डवेअर पत्ता राउटरच्या रिझर्व्हेशन यादीत घालायचा, मशीनला मात्र 'ऑटोमॅटिक'च ठेवायचं. हाताने टाकलेला पत्ता फक्त त्या मशीनला माहीत असतो. रिझर्व्हेशन राउटरला माहीत असतं, म्हणून राउटर तो दुसऱ्या कुणाला देत नाही.

मंगळवार, ३ जून

पाहणी. प्रत्येक मशीनवर आयपीकॉन्फिग /ऑल, आणि वहीत चार रकाने: मशीनचं नाव, हार्डवेअर पत्ता, सध्याचा आयपी, हाताने की आपोआप. १६ पैकी ७ हाताने टाकलेले निघाले. पाचांवर डीएनएसही (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) हाताने ८.८.८.८ घातलेला.

खरा वेळ गेला तो दडलेले पत्ते शोधण्यात. नेटवर्क बदलायचं म्हटलं की लोक कॉम्प्युटर मोजतात. पण जुना पत्ता कुठे कुठे लिहून ठेवलाय हे शोधलं नाही तर बदलाच्या दुसऱ्या दिवशी फोन वाजत राहतात. इथे सापडलेले असे:

मॅप केलेला 'झेड' ड्राइव्ह अकरा मशीनवर थेट १९२.१६८.१.२५ ला लावलेला. नुसतं 'नेट यूज' टाइप केलं की कुठला ड्राइव्ह कुठे जातो ते दिसतं.

टॅलीच्या परवान्याचा गेटवे सर्व्हर प्रत्येक मशीनवर पत्त्याने नोंदलेला, पोर्ट (म्हणजे त्या मशीनवरच्या प्रोग्रॅमचा दार-क्रमांक) ९९९९.

स्कॅनरच्या आतल्या फोल्डर यादीत तीन जणांच्या फोल्डरचे पत्ते. हे फक्त स्कॅनरच्या वेबपानावर दिसतात, कॉम्प्युटरवरून कधीच कळत नाहीत.

हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये १९२.१६८.१.२०१, पोर्ट ४३७०. हा त्या यंत्राचा कारखान्यातला पत्ता, कुणी कधी बदललेला नाही.

प्रिंटर पोर्ट. प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या पोर्ट्स टॅबवर पाहिलं तर काही मशीनवर पत्त्याचा टीसीपी/आयपी पोर्ट, काहींवर डब्ल्यूएसडी (विंडोजने प्रिंटर आपोआप शोधून बनवलेला पोर्ट).

शिवाय एका मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये (नाव आणि पत्ता यांच्या जोड्यांची मशीनमधलीच यादी) एक ओळ. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी इतक्या आत जाऊन कोण बघतं. पण बघायला हवं. मशीनचं नाव बरोबर असून चुकीच्या पत्त्यावर जातंय असं दिसलं की पहिला संशय या फाइलवर घ्यावा.

गुरुवार, ५ जून

बाहेरची लाइन. इंटरनेट कंपनीचा फायबरचा डबा स्वतःच राउटर म्हणून चालू होता, पत्ता १९२.१६८.१.१. त्याच्या मागे ऑफिसचा राउटर, त्याचाही आतला पत्ता १९२.१६८.१.१. राउटरच्या बाहेरच्या बाजूला १९२.१६८.१ आणि आतल्या बाजूलाही १९२.१६८.१ असलं की पॅकेट (डेटाचा तुकडा) कुठल्या बाजूला द्यायचं हे राउटरला ठरवता येत नाही. या राउटरने डब्याकडून पत्ता घेणंच नाकारलं होतं, म्हणून कुणीतरी केबल राउटरच्या वॅन (बाहेरच्या लाइनच्या) पोर्टमधून काढून लॅन (आतल्या) पोर्टमध्ये लावलेली. त्यामुळे दोन्ही डबे एकाच जाळ्यात, दोघांचाही पत्ता तोच, आणि दोघंही पत्ते वाटताहेत. अधूनमधून का होईना चालत होतं, म्हणून कुणी हात लावला नाही.

कंपनीला सांगून डबा ब्रिज मोडवर करून घेतला, म्हणजे तो आता राउटर नाही, नुसती लाइन पुढे देतो. आता पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या जोडणीचं, लॉगिन ऑफिसच्या राउटरमध्ये. जोडणी झाल्यावर वॅनचा पत्ता पाहिला तर तो १००.७० च्या घरातला. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते कंपनीच्या आतले असतात; एकच खरा सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. २०१२ साली हा पट्टा खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. ब्राउझिंगला फरक पडत नाही, पण बाहेरून आत येणारं व्हीपीएन यातून लागत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या एका मशीनकडे वळवणं) करत बसलं तरी उपयोग शून्य, कारण अडथळा आपल्या राउटरच्या आधीच आहे. स्टॅटिक आयपीचा, म्हणजे फक्त आपल्यासाठीच्या न बदलणाऱ्या सार्वजनिक पत्त्याचा, अर्ज केला.

पीपीपीओईमुळे आठ बाइट जातात, म्हणून एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १५०० च्या जागी १४९२. तपासणी पिंगने (समोरचं यंत्र उत्तर देतं का हे पाहणारी कमांड): पिंग -एफ -एल १४६४ जायला हवं, १४६५ ला 'फ्रॅगमेंट करावं लागेल' असा नकार यायला हवा. हेडरचे २८ मिळवले की १४९२ होतात. तसंच आलं. हा आकडा चुकला तर काही साइट लगेच उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात, आणि माणूस दोष ब्राउझरला देत बसतो.

सोमवार, ९ जून

पत्त्यांच्या वाटणीचा कागद तयार झाला. कागद आधी, केबल नंतर. यात सवलत नाही.

पट्टा १९२.१६८.४७.०, मास्क २५५.२५५.२५५.०, म्हणजे पहिले तीन आकडे सारखे असलेले पत्ते एका जाळ्यातले. खासगी वापराचे पत्ते तीन गटांत येतात: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. यातला १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० मुद्दाम टाळला. घराघरांतले राउटर हेच घेऊन येतात, काहींचा १९२.१६८.२९ असतो. घरी १९२.१६८.१ आणि ऑफिसातही १९२.१६८.१ असेल तर व्हीपीएन जोडलं जातं, हिरवं दिसतं, पण ऑफिसचं मशीन सापडत नाही. कारण लॅपटॉप ते घरातच शोधत राहतो. ४७ ला विशेष अर्थ नाही, फक्त सहसा कुणाच्या घरी नसतो. चिंचवडला ४८. व्हीपीएनने येणाऱ्यांना १०.४७.०.

वाटणी, फक्त शेवटचा आकडा:

१ राउटर. ३ ॲक्सेस पॉइंट. १० डेटा मशीन. ११ नॅस. २१, २२, २३ प्रिंटर. ३१ हजेरी, ३२ डीव्हीआर. ५१ ते ६५ बाकीचे पंधरा कॉम्प्युटर. १०० ते १९९ हा मोकळा पट्टा, फोन आणि पाहुण्यांचे लॅपटॉप यांच्यासाठी. मधल्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत, नवीन प्रिंटर आला तर २४ घ्यावा.

डीएचसीपीची मुदत, म्हणजे दिलेला पत्ता किती वेळ चालतो ती, २४ तास. मुदत अर्धी झाली की यंत्र तोच पत्ता वाढवून मागतं, नाही मिळाला तर साडेसत्त्याऐंशी टक्क्यांवर पुन्हा. म्हणजे रोज येणाऱ्या मशीनचा पत्ता सहसा हलत नाही, आणि एकदाच आलेल्या पाहुण्याचा दुसऱ्या दिवशी सुटतो.

डीएनएस सगळ्यांना राउटरकडूनच. राउटरमध्ये पहिला कंपनीचा, दुसरा १.१.१.१. याबद्दल एक गैरसमज फार आढळतो: पहिल्या डीएनएसने 'असं नाव नाही' सांगितलं तर दुसऱ्याला विचारलं जाईल असं लोक धरून चालतात. तसं होत नाही. 'नाही' हेही उत्तरच आहे. पहिला गप्प राहिला तरच दुसऱ्याकडे जातात.

आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, लांब पद्धत) बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो. इथे चालूच ठेवलंय. एफई८० ने सुरू होणारा पत्ता प्रत्येक मशीनवर दिसतो, तो त्या केबलपुरता असतो आणि त्याचा या दुखण्याशी काही संबंध नाही.

तारीख: ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी या जीएसटी रिटर्नच्या मुदती, आणि २० लाच पालख्या शहरात, म्हणजे त्या आठवड्यात पेठांमधून सामान नेणं अवघड. आयकर रिटर्नची मुदत यंदा १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली आहे, म्हणून जूनमध्ये हे काम घेता येतंय. शनिवार १४ ची संध्याकाळ आणि रविवार १५ पक्के.

शनिवार, १४ जून

सकाळी जुन्या राउटरवर डीएचसीपीची मुदत एक तासावर आणली, म्हणजे संध्याकाळी कुणाकडे जुना पत्ता फार काळ चिकटून राहणार नाही.

दुपारनंतर ऑफिस रिकामं. राउटरला हात लावण्याआधी हाताने पत्ते टाकलेली सातही मशीन ऑटोमॅटिक केली. रनमध्ये एनसीपीए डॉट सीपीएल, इथरनेटवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४, आणि दोन्ही गोल वरच्या पर्यायावर: पत्ता आपोआप, डीएनएसही आपोआप. दुसरा गोल लोक विसरतात. पत्ता ऑटोमॅटिक होतो आणि डीएनएस जुनाच राहतो. मग पिंग चालतं, साइट उघडत नाही.

मग राउटरचा आतला पत्ता १९२.१६८.४७.१ केला. सेव्ह दाबलं की पान गोठतं. ते बिघडलेलं नसतं. लॅपटॉपकडे अजून जुना पत्ता आहे आणि राउटर त्या पत्त्यावर उरलेला नाही. आयपीकॉन्फिग /रिलीज, मग /रिन्यू, आणि नवा पत्ता टाकून पान पुन्हा उघडायचं. इथे घाबरून रिसेट दाबलं की पीपीपीओईचं लॉगिनही पुसलं जातं.

रिझर्व्हेशन यानंतर भरली, आधी नाही. बऱ्याच राउटरमध्ये आतला पत्ता बदलला की जुनी यादी निकामी होते. २१ नोंदी. हार्डवेअर पत्ता वहीतून टाइप न करता राउटरच्या क्लायंट यादीतून उचलला, कारण ८ आणि बी, किंवा शून्य आणि डी, हाताने लिहिलेल्या अक्षरात सारखेच दिसतात.

हजेरी मशीन आणि डीव्हीआर जुन्या पट्ट्यातच अडकले. त्यांच्यात पत्ता हाताने होता आणि आता त्यांच्यापर्यंत पोहोचायला वाट नाही. उपाय: लॅपटॉपला तात्पुरता हाताने पत्ता द्यायचा, मग त्याच खिडकीत ॲडव्हान्स्ड, ॲड, आणि दुसरा पत्ता १९२.१६८.१.५०. एका कार्डावर दोन पत्ते राहतात. आता ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१०८ टाकलं की डीव्हीआर उघडला; नेटवर्कमध्ये डीएचसीपी चालू केलं, आणि तो ३२ वर आला. हजेरी मशीनला डीएचसीपी नीट जमेना, दर वेळी चालू करताना अडायचं. त्याला पडद्यावरून ३१ हातानेच टाकला, आणि राउटरमध्येही ३१ त्याच्याच नावाने राखून ठेवला. ज्याला हाताने द्यावाच लागतो त्याचीही नोंद राउटरमध्ये असू द्यावी.

रविवार, १५ जून

झेड ड्राइव्ह अकरा मशीनवर नव्याने लावला, या वेळी पत्त्याने नाही, मशीनच्या नावाने. पुढे कधी पत्ता बदलला तरी नाव तेच राहील. टॅलीच्या गेटवे सर्व्हरलाही नाव दिलं. स्कॅनरमध्ये मात्र पत्ताच ठेवला आहे. या स्कॅनरला विंडोजचं नाव शोधता येत नाही, तीन वेळा करून पाहिलं.

ड्राइव्ह लावताना 'नेटवर्क पाथ नॉट फाउंड'. पिंगलाही उत्तर नाही. पण लगेच एआरपी -ए (कुठल्या आयपीचा हार्डवेअर पत्ता कोणता हे दाखवणारी कमांड) टाकल्यावर यादीत १० समोर हार्डवेअर पत्ता हजर होता. पिंग अडवता येतं, एआरपीला मात्र मशीन उत्तर देतंच. म्हणजे मशीन जिवंत आहे आणि फायरवॉल अडवतेय. कारण असं: विंडोज नेटवर्क ओळखतं ते गेटवेवरून, म्हणजे बाहेर जायच्या दारावरून (इथे राउटर). गेटवेची ओळख बदलली की नेटवर्क 'नवीन' ठरतं, आणि नवीन नेटवर्कला विंडोज पब्लिक धरतं. पब्लिकमध्ये शेअरिंग बंद. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट, प्रायव्हेट. सोळाही मशीनवर जाऊन केलं. राउटर बदलला आणि शेअरिंग गेलं, ही तक्रार जिथे जिथे येते तिथे आधी हेच बघावं.

पिंगचे दोन नकार वेगळे वाचायचे. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे पॅकेट गेलं, उत्तर आलं नाही. 'रिप्लाय फ्रॉम' आणि पुढे आपलाच पत्ता, मग 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असं आलं तर त्या नंबरचं यंत्र या केबलवर नाहीच: बंद आहे, पत्ता चुकलाय किंवा केबल निघालीय.

संध्याकाळी सात वाजता सोळाही मशीन, तिन्ही प्रिंटर आणि स्कॅन चालू. नॅस राहिला तेवढा रात्री केला.

सोमवार, १६ जून

सकाळी अकराला वरच्या मजल्यावरची चार मशीन बाहेर. ना इंटरनेट, ना झेड. पत्ता पाहिला तर १९२.१६८.०.१०२. हा पट्टा आपल्या कागदावरच नाही.

आयपीकॉन्फिग /ऑलमध्ये डीएचसीपी सर्व्हरची एक ओळ असते, तीच इथे उपयोगी पडते: १९२.१६८.०.१. म्हणजे ऑफिसात कुणीतरी दुसराच पत्ते वाटतोय. नवीन मशीन पत्ता मागताना सगळ्यांना ओरडून विचारतं, आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेतं. वरच्या मजल्यावरच्यांना तो दुसरा जवळ होता.

शोधायची रीत: त्या चारपैकी एका मशीनवर पिंग -टी १९२.१६८.०.१ सतत चालू ठेवायचं आणि स्विचमधल्या केबल एकेक करून काढायच्या. ८ पोर्टच्या स्विचची पाचवी केबल काढली आणि पिंग थांबलं. केबल धरून गेल्यावर मागच्या खोलीतल्या फायलींच्या कपाटावर एक जुना वायफाय राउटर. ३ तारखेला त्याचा अडॅप्टर काढलेला होता, दिवा बंद, म्हणून पाहणीत तो सुटला. सोमवारी सकाळी कुणाला तिथे रेंज कमी वाटली आणि त्यांनी अडॅप्टर लावला.

तो टाकून द्यायची गरज नव्हती, रेंज खरंच कमी आहे तिथे. ऑफिसच्या जाळ्यातून सोडवून लॅपटॉपला थेट जोडला. आधी त्याचा पत्ता १९२.१६८.४७.४ केला, मग डीएचसीपी बंद. हा क्रम महत्त्वाचा: डीएचसीपी आधी बंद केलं की पुढच्या पानासाठी लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही. मग केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये, वॅन पोर्टवर काळी चिकटपट्टी लावून टाकली. वॅनमध्ये लावली तर त्या खोलीतली मशीन वेगळ्या जाळ्यात जातात आणि प्रिंटर त्यांना दिसत नाही. कागदावर ४ नंबर चढवला.

चारही मशीनवर रिलीज आणि रिन्यू. ठीक.

पाहणीची रीत बदलली: फक्त चालू दिवे मोजायचे नाहीत. स्विचमध्ये शिरणारी प्रत्येक केबल दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन बघायची, तिथलं यंत्र बंद असलं तरी.

मंगळवार, १७ जून

स्टॅटिक आयपी मिळाला, व्हीपीएन लागलं. चिंचवडचा बॅकअप मात्र नॅसवर येईना. ऑफिसातून नॅस उघडतो, नॅसवरून इंटरनेटही चालतं, फक्त ४८ च्या पट्ट्याशी बोलणं नाही.

कारण मास्कमध्ये. नॅसचा पत्ता रविवारी रात्री त्याच्या वेबपानावर हाताने टाकला गेला, आणि मास्क २५५.२५५.०.० राहिला. या मास्कने १९२.१६८ ने सुरू होणारं सगळंच 'आपल्याच खोलीतलं' ठरतं. मग ४८ वाल्याला पॅकेट गेटवेकडे देण्याऐवजी नॅस ते खोलीतच हाका मारून शोधतो, आणि तिथे कुणी नसतं. ४७ वाले खरंच खोलीत आहेत म्हणून ते चालतात. इंटरनेटचे पत्ते १९२.१६८ चे नाहीत म्हणून तेही गेटवेकडे नीट जातात. चुकीचा मास्क असाच दिवस दिवस लपून राहतो. विंडोजच्या खिडकीत १९२.१६८ चा पत्ता टाकून टॅब दाबला की २५५.२५५.२५५.० आपोआप भरतो, पण १० चा पत्ता टाकला तर २५५.०.०.० भरतो, तिथे डोळे उघडे ठेवावेत. नॅसलाही आता ऑटोमॅटिक केलं, रिझर्व्हेशनने ११ मिळतोच आहे. सूत्र मोडलं तिथेच चूक झाली.

घरून येणाऱ्यांचं: रिमोट डेस्कटॉप लागतं, पण डेटा मशीनचा शेअर फोल्डर उघडत नाही. फाइल शेअरिंगचा फायरवॉल नियम प्रायव्हेटमध्ये 'लोकल सबनेट'पुरता (त्याच पट्ट्यातल्या मशीनपुरता) असतो आणि व्हीपीएनवाले १०.४७.० मधून येतात. डेटा मशीनवर त्या नियमाच्या स्कोप टॅबमध्ये १०.४७.०.०/२४ जोडलं. 'एनी' करणं सोपं होतं, पण ते केलं नाही.

शनिवार, २१ जून

दोन किरकोळ गोष्टी. प्रिंटर २२ पाच मशीनवर ऑफलाइन, कागद मात्र छापतो. पोर्टच्या सेटिंगमध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची खूण होती. विंडोज प्रिंटरची खुशाली विचारतं, हा प्रिंटर त्या भाषेत उत्तर देत नाही, म्हणून ऑफलाइन. खूण काढली. डब्ल्यूएसडी पोर्ट असलेल्या मशीनवर साधा टीसीपी/आयपी पोर्ट बनवला, क्रमांक ९१००.

दोन लॅपटॉपमध्ये यूएसबीचं एकच लॅन अडॅप्टर फिरतं. रिझर्व्हेशन अडॅप्टरच्या हार्डवेअर पत्त्याला लागलंय, त्यामुळे ६३ नंबर ज्याच्याकडे अडॅप्टर त्याच्याकडे जातो. दुसरं अडॅप्टर मागवलं. प्रत्येकावर मार्करने नंबर.

मंगळवार, २४ जून

दुपारी जोराचा पाऊस, चाळीस मिनिटं वीज नव्हती. वीज आल्यावर दोन प्रिंटर आणि तीन मशीन १६९.२५४ वर. प्रिंटर वीस सेकंदांत चालू होतो, राउटरला दोन मिनिटं लागतात. तोवर पत्ता मागून थकलेलं यंत्र स्वतःच पत्ता लावून घेतं. विंडोज दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारतं, त्यामुळे कॉम्प्युटर आपोआप सुधारले. प्रिंटर बंद-चालू करावे लागले.

फायबरचा डबा, राउटर आणि मोठा स्विच ६०० व्हीएच्या स्वतंत्र यूपीएसवर घेतले. तिघांचं मिळून ओझं थोडं आहे, एवढ्याशा यूपीएसवर ते आरामात चालतात. ८ पोर्टचा स्विच वरच्या मजल्याच्या यूपीएसवर.

सोमवार, ३० जून

चाचणी: मेन स्विच दहा मिनिटं बंद, मग चालू. तिन्ही प्रिंटर २१, २२, २३ वरच आले.

डेटा मशीनवर १६ तारखेपासून ४१९९ ची एकही नोंद नाही.

कागदाच्या तीन प्रती: एक रॅकच्या दाराला आतून, लॅमिनेट करून, एक ऑफिसच्या वहीत, एक नॅसवर. राउटरच्या सेटिंगचा बॅकअप नॅसवर, फाइलच्या नावात तारीख घालून. नवीन यंत्र आलं तर आधी कागदावर नंबर, मग राउटरमध्ये, मग केबल. हे रॅकवरच मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे, कारण हे काम पुढे दुसऱ्याच कुणाच्या हातात जाईल.

बाकी: १४ ऑक्टोबरला विंडोज १० चे अपडेट थांबणार आहेत, ती पाच मशीन त्याआधी बदलायची. नवीन मशीनचा हार्डवेअर पत्ता वेगळा असेल. जुन्याची नोंद पुसून त्याच नंबरवर नव्याची घालायची. नंबर ५३, ५६, ५७, ६०, ६४.